कॅनडाचं वर्क परमिट देणारी विमानतळावरची खिडकी: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी परीक्षण

पहिल्यांदा नोकरीसाठी कॅनडाला निघालेल्या माणसाला वर्क परमिट पुण्यात मिळत नाही आणि ईमेलनेही येत नाही. टोरांटो, व्हँकूव्हर किंवा कॅनडात जिथे पहिलं पाऊल पडेल तिथल्या इमिग्रेशनच्या खिडकीवर ते छापून मिळतं. सीबीएसए या तिथल्या सीमा सेवेचा अधिकारी कागद बघतो, चार प्रश्न विचारतो आणि प्रिंटरमधून एक पान काढून पासपोर्टसोबत हातात देतो. हे परीक्षण त्या खिडकीचं आणि पुण्यापासून तिथवर नेणाऱ्या सगळ्या टप्प्यांचं आहे.

मत आधीच सांगून टाकतो. सेवा म्हणून खिडकी चांगली. तिथे वेगळी फी नाही, एजंट लागत नाही, मोठ्या विमानतळांवर रात्रीबेरात्रीही काम चालतं आणि अधिकारी बहुतेक वेळा मोजकं पण नीट बोलतात. मात्र तिथे जे मिळणार ते आधीच्या फायलीवर ठरलेलं असतं. कच्ची फाईल तिथे कोणी शिजवून देत नाही. म्हणून या परीक्षणाचा अर्ध्याहून जास्त भाग पुण्यातल्या तयारीवर आहे.

आधी एक गैरसमज, कारण त्यापायी लोकांचे लाखो रुपये जातात. ‘एकदा तिकडे पोचा, मग बॉर्डरवर जाऊन परमिट काढू’ असं सांगणारे पुण्यात अजून भेटतात. सीमेवर जाऊन तिथेच अर्ज करायचा आणि तिथेच परमिट घ्यायचं, ही सोय ज्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. अमेरिकन नागरिक ऑफर लेटर, पदवी आणि १५५ कॅनेडियन डॉलर घेऊन सीमेवरच्या पुलावर गेला तर त्याचा अर्ज खिडकीवर घेतात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, त्यामुळे आपला अर्ज ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, पासपोर्टवर व्हिसा चिकटवून घ्यायचा आणि मगच विमानात बसायचं. नेहमी भेटणारा अपवाद एकच: पासपोर्ट भारतीय, पण हातात अमेरिकेचं ग्रीन कार्ड. एप्रिल २०२२ पासून अशा माणसाला वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड दाखवून व्हिसाशिवाय जाता येतं, म्हणून तो सीमेवर अर्जही करू शकतो. न्यू जर्सीतला भाऊ एच-वन-बी या अमेरिकन नोकरी-व्हिसावर असेल तर ही सोय त्याला लागू नाही. त्याचा मार्ग तुमच्यासारखाच.

कॅनडात आधीच राहणाऱ्यांचा एक वेगळा मार्ग होता. गाडी काढायची, नायगाराच्या रेनबो ब्रिजवरून किंवा पश्चिमेला पीस आर्चवरून अमेरिकेच्या हद्दीपर्यंत जायचं, तिथून वळून परत यायचं आणि कॅनडाच्या खिडकीवर नवं परमिट मागायचं. याला फ्लॅगपोलिंग म्हणत. ऑनलाइन अर्जाला महिने लागायचे आणि इथे काम त्याच दिवशी व्हायचं, मग गर्दी होणारच. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात ६९ हजारांवर लोकांनी असा वळसा घातला. सरकारने २१ जून २०२४ ला पदवीनंतरच्या परमिटसाठी हा मार्ग बंद केला आणि २३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीपासून जवळजवळ सगळ्यांसाठीच वर्क आणि स्टडी परमिट असं देणं थांबवलं. उरलेले अपवाद अमेरिकेचे नागरिक व ग्रीन कार्डवाले, ठरावीक मुक्त व्यापार करारांखालचे व्यावसायिक आणि त्यांचे जोडीदार, सीमेपार मालवाहतूक करणारे काही ट्रकचालक, एवढेच. भारत त्या करारांच्या यादीत नाही.

‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे नोकरी लावून देतो’ या योजनेचा दुसरा पायही तुटलेला आहे. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला देशातूनच वर्क परमिटचा अर्ज करू देणारी करोनाकाळातली सवलत २८ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. २३ डिसेंबर आणि २८ ऑगस्ट २०२४ या दोन तारखा लक्षात असल्या की समोरचा माणूस जुनं भाषण करतोय की नाही हे दोन मिनिटांत कळतं. फी घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर तो माणूस तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा (तिला ‘कॉलेज’ म्हणतात) परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो. कॉलेजची यादी सार्वजनिक आहे, नाव आणि परवाना क्रमांक टाकून बघता येतो. नोकरी मिळवून देणारी भारतीय एजन्सी असेल तर तिची परराष्ट्र खात्याकडे नोंदणी हवी, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नोकरीची ऑफर विकत देणं कॅनडात बेकायदा आहे. ‘एलएमआयएसकट पॅकेज’ (एलएमआयए म्हणजे परदेशी माणूस घ्यायला मालकाला मिळणारा सरकारी होकार) असा शब्दप्रयोग कानावर आला की उठून चालू लागायला हरकत नाही.

आता खरी तयारी. नोकरीचे परमिट ढोबळमानाने दोन प्रकारचे. एकात मालकाकडे एलएमआयए असतो, म्हणजे या जागेसाठी इथला माणूस मिळत नाही असा तिथल्या रोजगार खात्याचा होकार. त्याची दर जागेमागे १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते, उमेदवाराकडून वसूल करायची नसते. दुसऱ्यात एलएमआयएची सूट असते. हिंजवडी-खराडीतले बहुतेक लोक यातच मोडतात, कारण कंपनी स्वतःच्याच कॅनडातल्या शाखेत बदली करते. इथे मालक पोर्टलवर ऑफर नोंदवतो, २३० डॉलर भरतो आणि इंग्रजी ‘ए’ पासून सुरू होणारा ऑफर क्रमांक मिळतो. हा क्रमांक हातात आल्याशिवाय अर्ज भरायला बसू नका. एचआर ‘उद्या पाठवतो’ म्हणत असेल तर उद्याच बसा.

अर्जाचा मुख्य फॉर्म आयएमएम १२९५. तो मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडत नाही, ‘प्लीज वेट’ एवढंच पान दिसत राहतं आणि लोक तासभर वाट बघत बसतात. तो उतरवून घ्यायचा आणि संगणकावर अडोबी रीडरमध्ये उघडायचा. भरून झाल्यावर व्हॅलिडेटचं बटण दाबलं की शेवटी बारकोडचं पान तयार होतं. ते तयार झालं नाही तर फॉर्म अपुरा. ऑनलाइन खात्यात एका फाईलला ४ एमबीची मर्यादा असते, त्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून रंगीत, जड स्कॅन करून आणलेली पदवी-मार्कशीटची थप्पी चढत नाही. १५० डीपीआयला काळं-पांढरं स्कॅन, एक विषय एक पीडीएफ, इतकं पुरतं. ज्याला वेगळी जागा नाही असा प्रत्येक कागद आणि खुलाशाचं पत्र ‘क्लायंट इन्फर्मेशन’ या एकाच कप्प्यात जोडून टाकायचं.

फॉर्ममधला सगळ्यात धोक्याचा प्रश्न साधा दिसतो: कोणत्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत बऱ्याच वर्षांपूर्वी मिळालेला नकारही यात आला. तो लिहिल्याने सहसा काही बिघडत नाही. लपवला आणि सापडला तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं दार बंद. आणि तो सापडतो, कारण हे देश आपसात माहितीची देवाणघेवाण करतात.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास विषय. पासपोर्टवर ‘रोहन सुरेश’ हे दिलेलं नाव आणि ‘कुलकर्णी’ आडनाव. विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, कधी शेवटी आईचंही नाव. अनुभवपत्रावर नुसतं ‘रोहन कुलकर्णी’. फॉर्म भरताना पासपोर्ट हाच प्रमाण, त्यातला शब्दन् शब्द जसाच्या तसा. बाकी कागदांतला फरक खुलाशाच्या पत्रात दोन ओळींत सांगा, हवं तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर सगळं नाव फॉर्मच्या आडनावाच्या रकान्यात भरायचं आणि दिलेल्या नावाचा रकाना रिकामा ठेवायचा. उलटं केलं की पुढे परमिट, बँक आणि पगाराच्या कागदांवर तीन वेगळी माणसं तयार होतात. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर लग्नाचा दाखला लागतो. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं शपथपत्र सोबत हवं. घरातल्या कोणी केलेलं भाषांतर चालत नाही, मग वहिनी इंग्रजीची प्राध्यापक का असेना.

कागदांच्या बाबतीत पुणेकर एक चूक हमखास करतात, ती म्हणजे जास्तीचे कागद. सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सासऱ्यांच्या एफडी. कंपनीच्या बदलीवर जाणाऱ्या माणसाच्या फायलीत यातलं फार थोडं उपयोगी पडतं. अधिकाऱ्याला हवं असतं ते तुमचं काम: कोणत्या पदावर, किती वर्षं, नेमकं काय. अनुभवपत्रात तारखा, पद, कामाचं स्वरूप आणि पगार नसेल तर पन्नास पानी सातबाऱ्यानेही ती जागा भरत नाही.

फीचा हिशोब सरळ आहे. वर्क परमिटचे १५५ डॉलर, बायोमेट्रिकचे ८५. एकत्र अर्ज करणाऱ्या कुटुंबाला बायोमेट्रिकची कमाल १७० डॉलर. जोडीदाराचं ओपन परमिट, म्हणजे एकाच मालकाशी न बांधलेलं परमिट, असेल तर १५५ वर आणखी १००. पासपोर्टवर लागणाऱ्या व्हिसाची यात वेगळी फी नसते. एजंटच्या बिलात ‘वर्क परमिट फी’ आणि ‘व्हिसा फी’ अशा दोन ओळी दिसल्या तर दुसरी ओळ कशाची, ते विचारा.

पैसे भरल्यावर बायोमेट्रिकचं पत्र येतं आणि ३० दिवसांत ठसे द्यायचे असतात. कॅनडाचं व्हिसा अर्ज केंद्र पुण्यातच आहे, मुंबईची फेरी वाचते. अपॉइंटमेंट, पासपोर्ट आणि पत्राची छापील प्रत घेऊन जायचं. दहाही बोटांचे ठसे आणि एक फोटो, प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. केंद्राचं काम ठसे घेण्याचं आणि पासपोर्ट ने-आण करण्याचं. अर्ज मंजूर होईल का हे तिथल्या माणसाला माहीत नसतं आणि त्याच्या हातातही नसतं. एसएमएस, कुरिअर, फॉर्म भरून देणं या जास्तीच्या सेवा ऐच्छिक आहेत. त्यातली कुरिअर घेण्यासारखी आहे, बाकीच्यांवर पैसे घालवू नका. दोन गोष्टींनी काम अडतं. एक म्हणजे मेंदी. नुकतं लग्न झालेल्या मुलीच्या बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असेल तर यंत्राला रेषा नीट उचलता येत नाहीत, तेव्हा अपॉइंटमेंट रंग उतरल्यावरची घ्या. दुसरी म्हणजे बोटावरची ताजी जखम किंवा चिकटपट्टी. एकदा दिलेले ठसे दहा वर्षं चालतात, म्हणून आधी शिक्षणासाठी किंवा पर्यटनासाठी अर्ज केलेल्यांनी जुनी तारीख तपासून मगच ८५ डॉलर भरावेत.

वैद्यकीय तपासणी टाळता येत नाही. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्याला ती लागतेच, आणि ती कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच करायची. यादी त्यांच्या संकेतस्थळावर शहरानुसार दिलेली आहे, घरच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही. शारीरिक तपासणी, लघवी, रक्त आणि छातीचा एक्स-रे असं तिचं स्वरूप. निकाल थेट कॅनडाला जातो, तुम्हाला फक्त क्रमांकाचा कागद मिळतो, तो जपा. वैधता बारा महिने. अर्जाआधीच तपासणी करून घेता येते आणि घाईच्या बदलीत तेच शहाणपणाचं. अडचण येते ती जुन्या क्षयरोगाच्या डागाची. एक्स-रेत डाग दिसला की थुंकीचं कल्चर मागतात आणि त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. लहानपणी उपचार झाले असतील तर जुने एक्स-रे आणि औषधांचे कागद पहिल्याच दिवशी सोबत न्या.

आता पासपोर्ट. या साखळीत सर्वांत जास्त नुकसान पासपोर्टच्या तारखेने होतं आणि ते टाळणं सर्वांत सोपं असतं. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे छापत नाहीत. ऑफर तीन वर्षांची आहे आणि पासपोर्टची मुदत चौदा महिन्यांनी संपते, तर अधिकारी चौदा महिन्यांचंच परमिट देईल. त्यात त्याचा खडूसपणा नसतो, नियमच तसा आहे. मग कॅनडात बसून मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा १५५ डॉलर, आणि फ्लॅगपोलिंग बंद झाल्यामुळे ऑनलाइन रांगेत महिनोन्‌महिने वाट. कुटुंब असेल तर फटका आणखी मोठा. २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला ओपन परमिट हवं असेल तर मुख्य माणसाचं काम वरच्या श्रेणीतलं किंवा तुटवड्याच्या यादीतलं लागतं आणि जोडीदाराच्या अर्जाच्या वेळी मुख्य परमिटवर किमान १६ महिने शिल्लक लागतात. चौदा महिन्यांचं पान हातात पडलं की बायकोचं किंवा नवऱ्याचं परमिट तिथेच अडकलं.

उपाय मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट काढता येतो, ३६ पानांचे १,५०० रुपये, ६० पानांचे २,०००, तत्काळ हवा तर त्यावर २,००० आणखी. पत्ता बदलला असेल तर पोलिस पडताळणीचा वेळ वेगळा धरा. बदलीची नुसती कुजबुज ऐकू आली तरी हे काम उरकून घ्या. व्हिसा जुन्या पासपोर्टवर लागल्यानंतर नवा काढावा लागला तर दोन्ही एकत्र न्या, जुन्यातला व्हिसा चालतो, आणि खिडकीवर दोन्ही एकदमच पुढे करा.

मंजुरी आली की एक पत्र मिळतं. ‘पोर्ट ऑफ एंट्री लेटर ऑफ इंट्रोडक्शन’ असं लांबलचक नाव. लोक यालाच परमिट समजतात. हे हॉल तिकीट आहे, मार्कशीट नव्हे. पत्रावर वैधतेची तारीख असते, तिच्या आत कॅनडात शिरायचं. पत्र आल्याच्या दिवशी चार गोष्टी बघा: नाव, मालकाचं नाव, कामाचं ठिकाण आणि ही तारीख. चूक इथे दिसली तर घरबसल्या लिहून दुरुस्त करून मागता येते. चौदा तासांच्या प्रवासानंतर खिडकीपाशी दिसली तर तुम्ही पेंगुळलेले असता आणि मागे रांग असते.

तिकीट काढताना एक नियम: इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर होतं. कॅल्गरीला जायचंय आणि विमान व्हँकूव्हरला बदलायचंय, तर परमिट व्हँकूव्हरलाच घ्यावं लागेल, कॅल्गरीत मिळणार नाही. दीड तासाचं कनेक्शन ट्रॅव्हल एजंटला स्वस्त दिसतं, पण इमिग्रेशनची रांग, परमिट, सामान पुन्हा टाकणं हे त्यात बसत नाही. चार तास धरा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांची झुंबड असते, तेव्हा पाच. लोहगावहून दिल्लीमार्गे गेलात तर संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे एक विमान चुकलं तरी पुढची सोय कंपनीची जबाबदारी राहते. मुंबईहून जाणाऱ्यांनी खंडाळ्याच्या घाटातला शुक्रवार संध्याकाळचा ट्रॅफिक गृहीत धरावा, हे पुणेकराला सांगायची गरज नाही, तरी दरवेळी कोणीतरी अडकतोच.

कागदांची फाईल हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत टाकलेली फाईल खिडकीपाशी उपयोगाची नाही, कारण बॅगा इमिग्रेशननंतर मिळतात. क्रम असा लावा: वर पासपोर्ट आणि छापील मंजुरी पत्र, मग एलएमआयएची प्रत किंवा ऑफर क्रमांकाचं पान, करारपत्र, कंपनीचं बदलीचं पत्र, पदवी, अनुभवपत्रं, वैद्यकीय क्रमांकाचा कागद. सगळं छापील. त्या हॉलमध्ये मोबाईल वापरू देत नाहीत, आणि ‘ईमेलमध्ये आहे, दाखवतो’ म्हणत नेटवर्क शोधणारा माणूस रांगेत सगळ्यांच्या शिव्या खातो.

विमानातून उतरल्यावर आधी यंत्रावर पासपोर्ट स्कॅन आणि काही प्रश्न. कस्टमची माहिती ७२ तास आधीपासून ऑनलाइन भरून ठेवता येते, थोडा वेळ वाचतो. यंत्रातून आलेली पावती पहिल्या अधिकाऱ्याला द्यायची आणि स्पष्ट सांगायचं की वर्क परमिट घ्यायचं आहे. हे वाक्य महत्त्वाचं. घाईत नुसता शिक्का मारून किंवा मान हलवून पुढे पाठवलं आणि तुम्ही बॅगा घेऊन बाहेर पडलात, तर परमिटशिवाय देशात आलात. काम सुरू करता येत नाही आणि परत आत जाऊन निस्तरणं भलतंच किचकट. त्यांनी इमिग्रेशनच्या वेगळ्या खोलीकडे पाठवलं म्हणजे काहीतरी बिनसलं असं समजून घाबरू नका, परमिट तिथेच छापतात.

तिथल्या खिडकीवर उभं राहिल्यावर काय होतं? अधिकारी पासपोर्ट घेतो, पडद्यावर अर्ज उघडतो. कुठली कंपनी, काय काम, कुठे, किती पगार, किती दिवस. उत्तरं छोटी आणि फॉर्मशी जुळणारी. पगार रुपयांत सांगू नका, ऑफरमध्ये डॉलरचा जो वार्षिक आकडा आहे तो पाठ असू द्या. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर, त्यातही खास ज्ञानाच्या आधारावर जाणाऱ्यांना एक जादा प्रश्न येतो: तुम्हाला असं काय येतं, जे तिथल्या माणसाला येत नाही? इथे ‘जावा आणि क्लाउड’ हे उत्तर पडतं. कंपनीच्या पत्रात तुमच्या खास उत्पादनाचं, प्रणालीचं नाव असतं, त्यावर तुम्ही किती वर्षं काम केलं ते असतं. ते पत्र वकिलाने लिहिलेलं असतं आणि निम्म्या लोकांनी ते विमानातही उघडून वाचलेलं नसतं. एवढी एक गोष्ट केली तर मुलाखत पाच मिनिटांत संपते. गेल्या तीन वर्षांत कंपनीत सलग किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं, ती रुजू तारीखही तोंडावर हवी.

मंजुरी पत्र असलं तरी शेवटचा निर्णय खिडकीचाच. नोकरीच गेली, कंपनीने पद बदललं किंवा उत्तरं फायलीशी विसंगत आली, तर अधिकारी परमिट नाकारू शकतो. ऑफरमधला पगार किंवा ठिकाण बदललं असेल तर मालकाला आधी नोंद सुधारायला लावा, तिथे तोंडी सांगून काही होत नाही.

मग पान येतं. आयएमएम १४४२ क्रमांकाचा, साध्याच जाडीचा कागद. खिडकी सोडण्याआधी तो ओळीने वाचा, अधिकारी हरकत घेत नाही. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मालक, पद, शहर आणि शेवटची तारीख. तारीख पासपोर्टपेक्षा आणि ऑफरपेक्षाही आधीची असेल तर शांतपणे कारण विचारा. टंकनाची चूक असेल तर तिथेच नवं पान मिळतं. बाहेर पडल्यावर हीच दुरुस्ती फॉर्म भरून टपालाने किंवा ऑनलाइन आणि बराच काळ थांबून करावी लागते. पानावर खाली अटी असतात. स्ट्रिप क्लब, मसाज पार्लर, एस्कॉर्ट सेवा यांत काम करता येणार नाही अशी ओळ वाचून सासरी फोटो पाठवावा की नाही, असा प्रश्न पडतो. ती ठरावीक ओळ आहे, बऱ्याच जणांच्या पानावर असते. ‘अमुक तारखेपर्यंत कॅनडा सोडावा’ हीदेखील ठरावीकच, धमकी नव्हे. मूळ पानाला लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि त्याच रात्री स्कॅन करून घरी पाठवा.

खिडकीबद्दल तक्रारीची जागा आहे ती रांगेची. एका वेळी तीन-चार मोठी विमानं उतरली की खोली भरते, किती वेळ लागेल हे कोणी सांगत नाही, लहान मुलं असलेल्यांसाठी वेगळी रांग असेलच असं नाही. पाण्याची बाटली आणि मुलांचा खाऊ हाताशी ठेवा. दोन अधिकाऱ्यांची पद्धतही एकसारखी नसते: एक फक्त मंजुरी पत्र बघून छापतो, दुसरा पदवीपासून सगळं मागतो. म्हणूनच फाईल पूर्ण हवी.

नंतरची कामं थोडी. नोकरी आणि करासाठी लागणारा सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) हा क्रमांक ऑनलाइन किंवा सर्व्हिस कॅनडाच्या ऑफिसात फुकट मिळतो, परमिटवाल्यांचा क्रमांक ९ ने सुरू होतो आणि परमिटसोबतच संपतो. परमिट वाढलं की तोही नव्या तारखेचा करून घ्यायचा. रोख १० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त नेत असाल तर कस्टमला सांगायचं, लोणच्या-मसाल्यांचंही विचारलं तर खरं सांगायचं. परमिटची मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेला असेल तर निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर काम करत राहता येतं. एक दिवस जरी उशीर झाला तरी ही सवलत जाते. आणि परमिट वैध असलं तरी पासपोर्टवरचा व्हिसा संपला असेल तर दिवाळीला पुण्याला येण्याआधी नव्या व्हिसाचा विचार करा, कारण परमिटच्या पानावरच लिहिलेलं असतं की ते पुन्हा प्रवेशाची परवानगी देत नाही. फक्त अमेरिकेला जाऊन तिथूनच परतणाऱ्याला, परमिट चालू असेल तर, कॅनडाचा संपलेला व्हिसा आड येत नाही. मात्र तिकडे जायला अमेरिकेचा व्हिसा आपला आपल्याला लागतोच.